परिपत्रकाची मागची बाजू

परिपत्रकाच्या पुढच्या बाजूला गाडीची वेळ असायची आणि मागच्या बाजूला नियम. कागद फूलस्केप, हलक्या प्रतीचा. सायक्लोस्टाइलची शाई आरपार फुटायची, त्यामुळे मागचा ‘पाणी’ हा शब्द पुढच्या ‘कर्जत’वर उमटलेला दिसायचा. असे छत्तीस कागद माझ्याकडे आहेत, १९८१ ते १९९४ या काळातले, आमच्या डोंबिवलीच्या गिर्यारोहण मंडळाचे. मंडळाचं कार्यालय म्हणजे एका शाळेचा वर्ग, तोही फक्त बुधवारी रात्री आठ ते साडेनऊ. फळ्यावर मुलांचा सुविचार तसाच असायचा, तो पुसायचा नाही हाही एक नियमच. पगारी माणूस एकही नव्हता. अध्यक्ष इतिहासाचे शिक्षक, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. खजिनदार रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. दोर सांभाळणारा मुलगा पोस्टात कामाला होता आणि परिपत्रकं बुकपोस्टाने टाकायचं काम ओघानेच त्याच्याकडे आलं होतं. मी वीस वर्षांची, बँकेत नुकतीच लागलेली.

सह्याद्रीतल्या भटकंतीचा इतिहास लिहिताना लोक सुळक्यांची आणि कड्यांची नावं घेतात, पहिली चढाई कोणाची हे सांगतात. ते सांगायलाच हवं. पण वीस अनोळखी माणसं शनिवारी रात्री स्टेशनवर भेटतात, रविवारी संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या जिवाला जीव देऊन वागतात, कोणी कोणाला पैसे दिलेले नसतात, आणि हे दर महिन्याला वर्षानुवर्षं चालतं, ते कशाच्या जोरावर, हे मला सांगायचं आहे. त्याचं उत्तर माझ्या मते त्या मागच्या बाजूला आहे.

माझा पहिला ट्रेक डिसेंबर १९८१ मधला, राजमाचीचा. त्याच्या आदल्या आठवड्यात सर आमच्या घरी आले. मागच्या बाजूचा दुसराच नियम तसा होता : नव्या मुलीच्या घरी मोहिमेचा प्रमुख स्वतः जाऊन भेटेल. सर खुर्चीवर टेकले, चहा घेतला आणि वडिलांना एक कागद दिला. त्यावर जाण्याची वाट, मुक्कामाची जागा, परतीची गाडी, ती चुकली तर पुढची गाडी आणि बरोबर येणाऱ्या सगळ्यांचे पत्ते होते. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “हिला काही झालं तर?” सर म्हणाले, “तर मी सर्वांत आधी तुमच्याकडे येईन, रात्र असली तरी.” वडील तयार झाले. आज वाटतं, आमच्या पिढीतल्या कितीतरी मुली डोंगरात गेल्या त्या घराघरांतल्या अशा अर्ध्या तासांमुळे. त्याची नोंद कुठल्याच पुस्तकात नाही.

वर्गणी होती अकरा रुपये. शिवाय प्रत्येकाने आणायचा शिधा : दोन वाट्या तांदूळ, मूठभर तूरडाळ, दोन कांदे, दोन बटाटे, एक काडेपेटी कोरड्या पिशवीत. ट्रेनमध्ये बसल्यावर हा सगळा शिधा एकत्र करून पुन्हा वाटला जायचा. ज्याच्या पाठीवर कमी ओझं त्याच्याकडे तांदळाची पिशवी. कोणाचे तांदूळ आंबेमोहोर, कोणाचे रेशनचे, सगळे एकाच पातेल्यात. बँकेतली मी, पोस्टातला तो आणि कॉलेजातली दोन पोरं एकाच भाताला बसलो तेव्हा कोणाच्या घरचा दाणा कोणता हे कळायला वाव नव्हता. सरांना तेच हवं असणार.

कर्जतला उतरून कोंदिवड्यापर्यंत एस.टी., मग कोंडाण्याच्या लेण्यांवरून चढ. रात्रीच्या चालीत बोलायचं नाही, फक्त पुढच्याने मागच्याला सूचना द्यायची : ‘दगड’, ‘फांदी’, ‘घसारा’. हा एकेक शब्द पुढून मागे सरकत यायचा आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचला की तो ‘पोचला’ म्हणायचा, ते पुन्हा मागून पुढे यायचं. मी दहाव्या क्रमांकावर होते. माझ्या हातात विजेरी होती, पण खरा आधार त्या सरकत येणाऱ्या शब्दाचा वाटला.

पहाटे उधेवाडीत पोचलो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले धुक्यातून हळूहळू वर आले. मला वाटलं, आता झोपायचं. सरांनी आधी झाडू शोधायला लावला. बहिरोबाच्या देवळाचा मंडप झाडल्याशिवाय पथारी पसरायची नाही, आणि निघताना पुन्हा झाडून निघायचं. आधीच्या कोणाचा कचरा असला तरी तो आपलाच. मंडप चांगला झाडून झाल्यावर कोपऱ्यात एक कांद्याचं साल राहिलं होतं, तेही सरांनी वाकून उचललं आणि खिशात टाकलं. बोलले काहीच नाहीत.

हे नियम आले कुठून, हा प्रश्न मला नंतर पडला. एका बुधवारी सरांनी त्याचं उत्तर दिलं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५च्या सुमाराचं. त्यात दुर्गांचं स्वतंत्र प्रकरण आहे. गड कसा बांधावा, दरवाजा कुठे असावा, तोफा कशा ठेवाव्यात याच्या बरोबरीने तिथे केरकचऱ्याचाही विचार केलेला आहे. वाटांवर, बाजारात, तटाच्या कडेने केर पडू द्यायचा नाही. तो गडाखाली ढकलायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि राख परसात घालून भाजी पिकवायची. पाण्याबद्दल तर अमात्य फारच काळजीने लिहितात : गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात. म्हणून टाकी खोदावीत, ती जपावीत. सरांनी हे वाचून दाखवलं आणि म्हणाले, “तीनशे वर्षांपूर्वी गडकऱ्याला जे सांगितलं, ते आपण सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्यांनी पाळायला काय हरकत आहे?” आमचा तिसरा नियम, कचऱ्याचा, थेट तिथून आला होता.

चौथा नियम आणखी जुन्या कागदावरून आला होता. चिपळूणजवळ हलवर्ण्याला छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे, राज्याभिषेकाच्या आसपासचं. पावसाळा तोंडावर आलेला. महाराज लिहितात की साठवलेली वैरण आणि दाणा बेतानं वापरा, नाहीतर ऐन पावसात संपेल आणि मग तुम्ही गावात शिराल. कोणी कुणब्याचा दाणा आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. असं झालं तर गरीब रयत घरदार सोडून जाईल आणि तिला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. त्याच पत्रात आगीची सूचना आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढताना जपा, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल आणि सगळं गवत जळेल. एवढ्या मोठ्या राजाने उंदराचाही विचार करावा, याचं मला आजही नवल वाटतं. मुक्कामाला गेलेल्या माणसांनी कसं वागावं याचा याहून नेमका मजकूर मी वाचलेला नाही.

यावरून आमचा चौथा नियम असा होता : वाडीतून काहीही घेतलं, मग तो पाण्याचा हंडा असो की सरपणाची मोळी, तर विचारून घ्यायचं आणि देण्याच्या वहीत लिहायचं. ही ‘देण्याची वही’ म्हणजे दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. डावीकडे तारीख, गाव, घर, वस्तू. उजवीकडे देणं फिटल्याची खूण. पैसे देता आले तर पैसे. बहुतेक घरांत पैसे घ्यायचे नाहीत, मग पुढच्या फेरीला शाळेच्या वह्या, मीठ, काडेपेट्या, औषधं. खूण केल्याशिवाय ते गाव पुन्हा मोहिमेच्या यादीत यायचं नाही. बँकेत मी दिवसभर खातेवह्या बघायची, पण या वहीइतकी कसोशीने लिहिलेली वही तिथेही पाहिली नाही.

बाकीचे नियम वेगवेगळ्या वाटांनी आले. १९०७ साली इंग्लंडात ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेलने मुलांचं पहिलं शिबिर भरवलं. तिथली तुकड्यांची पद्धत, शिट्टीच्या खुणा आणि सकाळची तंबूतपासणी आमच्याकडे शाळांच्या बालवीर पथकांतून आली. जर्मनीतल्या रिखार्ड शिरमान या शिक्षकाच्या मनात १९०९ मध्ये भटक्या मुलांसाठी स्वस्त वसतिगृहांची कल्पना आली. उतरणाऱ्याने आपला बिछाना आपण घालायचा, खोली आपण झाडायची, ही त्या वसतिगृहांची शिस्त. आपल्याकडे यूथ हॉस्टेल्सची संघटना १९४९ मध्ये सुरू झाली आणि मुंबई-पुण्याची कितीतरी माणसं डोंगरात पहिल्यांदा गेली ती तिचं सभासदत्व घेऊन.

तिसरी वाट हिमालयातली. हिमालयन क्लब १९२८चा, पण तो सुरुवातीला साहेबांचा आणि मोठ्या अधिकाऱ्यांचा. १९५३च्या मे महिन्यात तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले आणि चित्र पालटलं. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगची प्रशिक्षण संस्था सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ निघाली. उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ची. तिथून शिकून आलेली मराठी मुलं दोराच्या गाठी घेऊन आली आणि त्याबरोबर एक सवयही : जोडीदाराची गाठ तपासल्याशिवाय कड्याला हात लावायचा नाही, तो कितीही अनुभवी असला तरी. आपली गाठ दुसऱ्याने तपासली तर अपमान मानायचा नाही, हे आपल्याकडे रुजायला वेळ लागला. आमच्यातले दोघे-तिघे सुरुवातीला चिडायचे. सर स्वतःची गाठ सर्वांत लहान मुलाकडून तपासून घ्यायचे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी, मराठी घरांपुरतं तरी, गो. नी. दांडेकर होते. गडावर जायचं ते नुसतं चढायला आणि उतरायला नाही, तिथल्या माणसांत बसायचं, मुक्काम करायचा, हे त्यांनी लिहून आणि करून दाखवलं. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांच्या सॅकमध्ये कधी ना कधी त्यांचं पुस्तक असायचं.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सर्वांत जास्त भांडणं पाण्यावरून झाली. सह्याद्रीतल्या गडांवर पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी. लेण्यांमधल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हणतात. कान्हेरीला कल्याणच्या सोनाराने पाण्याची पोढी करून दिल्याची नोंद कोरलेली आहे. म्हणजे आमच्या शेजारच्या गावातल्या माणसाने दीडेक हजार वर्षांपेक्षाही जास्त काळ आधी अनोळखी तहानलेल्यांसाठी स्वतःचे पैसे घालून कातळ फोडून घेतला. अशा टाक्यात पाय धुवायचे? जोडटाक्यांतलं पहिलं पिण्याचं, त्यात हात बुडवायचा नाही, दोरीला बांधलेला एकच स्वच्छ डबा सोडायचा. भांडी घासायची ती टाक्यापासून लांब, राखेने. साबण आणायचाच नाही. एकदा एका नव्या सभासदाने गडावर शिकेकाईने डोकं धुतलं, टाक्याच्या काठावर बसून. त्याला कोणी रागावलं नाही. सरांनी सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या करायला लावल्या, त्या टाक्यातून भरल्या आणि पहिली बाटली त्याच्या हातात दिली. तो प्यायला नाही. पुढची आठ वर्षं पाण्याचा डबा त्याने सांभाळला.

अत्तर, सुगंधी तेल लावू नये, या नियमावरून नव्या मुली हसायच्या. कारण कळलं की हसू जायचं. कड्याच्या कपारीला आग्या माश्यांची पोळी असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या उठतात आणि उठल्या की एकट्याला सोडत नाहीत. कड्यावर दोराला लोंबकळणारा माणूस पळणार कुठे?

आता नवव्या नियमाकडे येते, तो माझ्यामुळे आला.

२५ जून १९८३, शनिवार. इर्शाळगडाचा ट्रेक. चौकजवळून चढायला लागलं की निम्म्या वाटेवर ठाकरांची इर्शाळवाडी लागायची, आणि तिच्या डोक्यावर तो नेढं असलेला सुळका. पावसाळ्यात सुळक्याला हात लावायचा नाही, त्याच्या पायथ्यापर्यंतच जायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी लॉर्ड्सवर विश्वचषकाची अंतिम लढत होती. ट्रान्झिस्टर आणायचा नाही हा नियम होता, पण पोरांनी गयावया केली आणि सरांनी तेवढी एक रात्र सूट दिली. वाडीतल्या एका पडवीत आम्ही चौदा जण आणि वाडीतली दहा-बारा माणसं त्या खरखरत्या डब्याभोवती बसलो. आपल्या १८३ धावा झाल्या तेव्हा सगळे गप्प होते. मध्यरात्रीच्या सुमाराला वेस्ट इंडीज १४०वर संपलं आणि क्रिकेटचं काही न कळणारी वाडीतली पोरंसुद्धा आमच्याबरोबर नाचली.

झोप झाली नव्हती. सकाळी सुळक्याच्या पायथ्याशी जाऊन उतरताना सगळे कालच्याच गप्पांत. रांग तुटली. धुकं असं की चार हातांवरचं दिसेना. मला वाटलं, ही डावीकडची वाट जरा सरळ आहे, आपण पुढे होऊ. ती ढोरवाट होती. पंधरा मिनिटांत ती कारवीत विरली. मी हाक मारली, ती धुक्यात गेली. शिट्टी होती, पण सॅकच्या तळाशी. ती काढेपर्यंत घसरले आणि एका ओहोळाच्या काठाला जाऊन टेकले. खाली पाणी वाजत होतं, किती खाली ते दिसत नव्हतं.

डोंगरातली संकटाची खूण मिनिटाला सहा वेळा : सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीनदा येतं. हे मला पाठ होतं. मी वाजवत राहिले. दीड-पावणेदोन तास. उत्तर शिट्टीचं आलं नाही, खोकल्याचं आलं. कारवी बाजूला सारत एक म्हातारा ठाकर आला, डोक्यावर इरलं, हातात कोयता, मागे आठ-नऊ वर्षांचा नातू. “पोरी, हल्लू नको,” एवढंच म्हणाला. कोयत्याने दोन पावठ्या खणल्या, हात दिला. वाटेत त्याने मला काही विचारलं नाही. वाडीत आणून चुलीजवळ बसवलं, त्याच्या सुनेने दूध तापवून दिलं. नाचणीच्या भाकऱ्या केल्या. मला शोधायला गेलेले सहा जण भिजून परत आले तेव्हा त्यांनाही त्याच भाकऱ्या. त्याच्या विजेरीचे दोन सेल माझ्या शोधापायी संपले होते.

सर आले. मी रडत होते, त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, “आधी बाबांना नमस्कार कर.” परतीच्या वाटेवर त्यांनी मला सर्वांत शेवटी चालायला सांगितलं. आमच्याकडे शेवटचा माणूस हा प्रमुखाच्या खालोखाल मानाचा : तो कधीही कोणाच्या पुढे जात नाही, त्याच्या मागे कोणी राहत नाही, आणि सगळ्यांची चाल त्याच्याकडून ठरते. शिक्षा म्हणून ती जागा देत नसत. मला का दिली ते तासाभराने कळलं. पुढची तेरा डोकी मोजत चालताना माझ्या डोक्यात दुसरा विचारच येईना.

त्या बुधवारी नवा स्टेन्सिल कापला गेला. नवव्या नियमाचा आशय असा : पुढचा आणि मागचा माणूस दिसत राहील एवढंच अंतर ठेवायचं, दिसेनासा झाला तर सगळ्यांनी थांबायचं, शिट्टी गळ्यात असायची. माझं नाव कुठेही घातलं नव्हतं. सर म्हणाले, चूक मंडळाची आहे, रांग तुटताना तेरा जणांनी पाहिली नाही. ट्रान्झिस्टरची सूट आपण दिली होती, हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या वाक्यानंतर मी हे मंडळ सोडणार नाही हे माझ्यापुरतं ठरलं.

मग मी कागद मागे-पुढे करून पाहू लागले. जवळजवळ प्रत्येक नियमामागे असं काही निघालं. दारूबंदीच्या नियमामागे एका वाडीतल्या बायकांनी सरांना घातलेली शपथ. भिंतीवर नाव लिहू नये या नियमामागे खडूने लिहिलेलं एक नाव पुसायला पुन्हा गडावर गेलेले दोघे. आठ दिवसांत हिशोब द्यायचा, उरलेले पैसे पोस्टाच्या तिकिटांच्या रूपात का होईना परत करायचे, यामागे आधीच्या एका मंडळात झालेली फाटाफूट. ते मंडळ सव्वीस रुपयांवरून मोडलं होतं.

नव्वदीनंतर सायक्लोस्टाइल गेलं, झेरॉक्स आली, मग मोबाइलवरचे गट. माणसं वाढली. डोंगर सगळ्यांचा आहे, ती यावीत असंच मला वाटतं. पण वर्गणीची फी झाली तेव्हा खूप काही बदललं. फी देणाऱ्याला झाडू देता येत नाही. तांदळाची पिशवी त्याच्या पाठीवर टाकता येत नाही. वळवाच्या सरी पडून गेल्यावर राजमाचीला काजवे बघायला एकेका रात्री एवढी माणसं चढू लागली की रात्रभर विजेऱ्यांचाच उजेड. नर काजवा चमकतो तो मादीला खूण म्हणून. मादी गवताच्या पात्यावर किंवा झुडपात बसून उत्तर देते. तिथे विजेरी मारली की तो संवाद तुटतो, आणि वाट सोडून गवतात शिरलं की अळ्या पायाखाली जातात. मी स्वतः हे बघितलं आणि झाडाखाली उभी राहून एकेकाला विनवत होते, “बाळांनो, बॅटरी बंद करा.” काहींनी केल्या.

शासनाने २०१४ आणि २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी निर्णय काढले, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. नोंदणी, प्रशिक्षित प्रमुख, प्रथमोपचार, विमा. यातलं बरंचसं संस्थांनी आधीच पाळलेलं होतं. लेखी झालं ते बरंच झालं. मुलुंडला २००२पासून भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनात हे विषय दरवर्षी निघतात आणि आमच्यासारखे म्हातारे अजून तावातावाने बोलतात.

पण स्वयंसेवी संस्थांनी काय कमावलं होतं ते मला दिसलं १९ जुलै २०२३च्या रात्री. इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती, पाऊस कोसळत होता. त्या अंधारात वाट माहीत होती ती डोंगरात फिरणाऱ्या मंडळांच्या पोरांना, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्यांना. ती चढली. आमच्या मंडळातून चौघे गेले, ज्यांनी शोधकार्याचं शिक्षण घेतलं होतं तेवढेच. बाकीच्यांना जायचं होतं, पण न बोलावता गर्दी करायची नाही हा आमचा नियम आहे आणि तो त्या रात्रीही पाळला. आम्ही वर्गात बसून घोंगड्या, मेणबत्त्या आणि चुरमुऱ्यांच्या पिशव्या बांधत होतो. चार दिवसांनी शोध थांबला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ नवी वसाहत झाली.

त्या चार दिवसांत मी कपाटातून देण्याची वही काढली. सर गेल्यावर ती माझ्याकडे आली आहे. म्हाताऱ्या बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. नातू कुठे होता, वाडीत की कामाला बाहेर, हे मला कळलेलं नाही. वहीत २६ जून १९८३च्या खाली सरांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर आहे. ‘इर्शाळवाडी, बाबांचं घर. विजेरीचे सेल २. दूध. भाकऱ्या ११.’ सेलच्या समोर खूण आहे, निळ्या शाईची, दिवाळीनंतर आम्ही ते नेऊन दिले तेव्हाची. दुधासमोर खूण आहे. भाकऱ्यांचं काहीही घ्यायला बाबांनी तीनदा नकार दिला होता. त्यांच्यापुढची जागा कोरी आहे.